मीठ कमीच आहे

ओबेर्दान रोज दुपारी आमच्या खाणावळीत यायचा, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा, पहिला चमचा तोंडात घालायचा आणि ओरडायचा, "मीठ कमी!" बंदरावर क्रेन चालवायचा तेव्हाही हेच आणि निवृत्त झाल्यावरही हेच. बायकोला जाऊन वर्षं झाली, मुलगा जर्मनीत, घरी कुणावर ओरडणार? आमच्यावर ओरडायचा.

त्याचा आवाज कालव्यापलीकडे पोचायचा. मग हातातली पळी तशीच घेऊन माझी वहिनी इल्वा स्वयंपाकघरातून बाहेर यायची.

"कमी? तुझ्या जिभेवर बंदराचा गंज चढलाय मेल्या!"

"हे पिसाला पाठव. तिथली माणसं खातात असलं."

आमच्या लिव्होर्नोचं शेजारच्या पिसा शहराशी पिढ्यानपिढ्यांचं वैर, त्यामुळे पिसाचं नाव काढलं की विषय संपला. इल्वा पळी उगारायची, डॉकवरची पोरं टेबलं बडवायची आणि ओबेर्दान खाली मान घालून सगळं संपवायचा. शेवटी पावाच्या तुकड्याने ताटली अशी पुसायचा, की मला ती धुवायची गरजच वाटू नये. इल्वाने त्याचं ऐकून कधी चिमूटभर मीठ वाढवलं नाही. पाव आमच्याकडे अळणीच असतो, त्यामुळे रश्श्यात मीठ नेमकं पडावं लागतं, आणि इल्वाच्या हातून ते नेमकंच पडायचं. माझा भाऊ गेल्यानंतर खाणावळ टिकली ती त्या हातावर. वाढणं आणि तोंड चालवणं एवढं माझ्याकडे.

या थंडीत इल्वाला ताप आला. बरी होऊन चुलीपाशी उभी राहिली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पहिल्या दिवशी घेवड्याची उसळ ठीक होती. दुसऱ्या दिवशी जरा खारट वाटली. पुढच्या आठवड्यात मी टोमॅटोचं सार एक चमचा चाखलं आणि नळाकडे धावले.

"इल्वा, आज मीठ जरा…"

"जरा काय?" तिने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती होती.

"काही नाही," मी म्हटलं. लोकांच्या तोंडावर सांगायला मी कधी घाबरत नाही. त्या दिवशी मात्र माझी जीभ उचलेना.

गिऱ्हाइकांनाही कळलंच असणार. कुणी कुणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. आमच्या गल्लीतले लोक सख्ख्या आईला सोडत नाहीत, पण तेच लोक मुकाट्याने जेवत होते, तांब्यावर तांबे पाणी पीत होते आणि जाताना आत डोकावून "झकास गं इल्वा!" म्हणत होते. वर्षानुवर्षं तिचं मीठ खाल्लं होतं, त्या मिठाला जागत होते. जास्त पडलेल्या मिठालासुद्धा. मला एकीकडे हसू यायचं आणि एकीकडे भांडी आपटावीशी वाटायची.

ओबेर्दानचं रोजचं चालूच होतं. रस्सा कितीही खारट असो, हा आपला ओरडायचा, "मीठ कमी!" आवाज तेवढा पडला होता.

आणि मग तो शुक्रवार आला. शुक्रवारी आमच्याकडे काच्चुक्को असतो. ऑक्टोपस, माकुल आणि बंदरावर सकाळी मिळतील ते काट्याकुट्याचे मासे घालून केलेला लाल रस्सा, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. त्या दिवशी इल्वा स्वतः पातेलं घेऊन टेबलाटेबलाशी येते. खाणावळ गच्च भरली होती. तिने ओबेर्दानला वाढलं आणि कमरेवर हात ठेवून भांडणाच्या तयारीत उभी राहिली.

ओबेर्दानने चमचा तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गिळायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा इल्वाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "छान झालंय."

डॉकवरच्या पोरांनी टेबलं बडवायला उचललेले हात खाली घेतले.

"काय म्हणालास?" इल्वाने विचारलं.

"छान झालंय म्हटलं. मीठ अगदी बरोबर."

इल्वाने पातेलं त्याच्या टेबलावर ठेवलं. "एवढं वाईट झालंय?"

 तिने एकेका टेबलाकडे पाहिलं. सगळीकडे पाण्याचे रिकामे तांबे. मग तिने एप्रन सोडला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि जिना चढून वर निघून गेली.

संध्याकाळी तिने मला सगळं सांगितलं. ताप उतरल्यापासून जिभेला काही कळत नव्हतं. लसूण नाही, वाइन नाही, मीठ तर नाहीच. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल किंवा येणारही नाही, वाट पाहायची.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? मला वाटलं, हाताला आठवत असेल. पण तो ओबेर्दान रोज म्हणायचा, कमी आहे. पूर्वी मी त्याचं कधी ऐकलं नाही, मिलेना. पण आता माझी जीभच मेलेली. म्हटलं, खरंच कमी पडत असेल. तो कमी म्हणायचा, मी दुसऱ्या दिवशी वाढवायची."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. तीही रडली.

"मी करते स्वयंपाक," मी म्हटलं.

"तुझ्या हातचं मांजर खात नाही. बंद करू या खाणावळ. लोकांची कीव नको मला."

दुसऱ्या दिवशी शटर बंदच राहिलं. तिच्या तापाचे दिवस सोडले, तर खाणावळीत सकाळी कांदा परतल्याचा वास नाही, असा दिवस मी त्या घरात पाहिला नव्हता. इल्वा खाली खाणावळीतल्या खिडकीशी बसून कालव्याकडे बघत होती. एवढी दांडगी बाई, पण पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती. मला फार भीती वाटली. ही अशी बसली तर परत उठायची नाही.

दुपारी शटरवर धाडधाड थापा पडल्या. मी जरासं उघडलं, तर ओबेर्दान वाकून आत शिरला.

"भूक लागलीय."

"पिसाला जा," इल्वा त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"काल मी खोटं बोललो."

"ते कळलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"पहिल्यांदा?" ओबेर्दानने टोपी काढली. त्याचे कान लालबुंद झाले होते. "अगं, एवढी वर्षं खोटंच बोलत होतो. मीठ कधी कमी होतं? एकदा तरी? मीच मूर्ख, तुझं बिघडलंय हे कळलं, तरी सवयीने बोलत राहिलो. काल लक्षात आलं, आता कमी म्हटलं तर ही आणखी घालेल आणि उद्या माणसं मरतील."

"मग एवढी वर्षं का म्हणायचास?"

ओबेर्दान टोपीशी चाळा करत राहिला. शेवटी मला राहवलं नाही. "अरे, बोल की बाबा!"

"छान आहे म्हटलं असतं, तर ही बाहेर आली असती का?"

इल्वाने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. मग उठली. खुर्चीवरचा एप्रन उचलून बांधला, आत गेली, आणि मला कांदा परतल्याचा वास आला. थोड्या वेळाने आतून हाक आली.

"ओबेर्दान! आत ये. आणि खरं बोलायचं असेल तरच ये."

तो आत गेला. मी दारातून पाहत होते. इल्वाने पळी त्याच्या तोंडाशी धरली.

"मीठ?"

"कमी."

"ओबेर्दान!"

त्याने डोळे मिटून पुन्हा चाखलं. "अगदी खरं सांगतो. कमीच आहे. दोन चिमटी घाल."

तिने घातलं. मी जाऊन शटर वर केलं.

तेव्हापासून ओबेर्दानची खिडकीजवळची जागा रिकामी असते. तो सकाळीच येतो, स्वयंपाकघरात स्टुलावर बसतो, कांदे सोलतो, पेपर वाचतो आणि हाक आली की तोंड उघडतो. दोघं दिवसभर भांडतात. बाहेरची पोरं आता मिठावरून टोमणे मारतात तेव्हा खुशाल मारतात, कारण आता मिठात खोट काढण्यासारखं काही नसतं.

परवा मी घेवडा घ्यायला आत गेले, तेव्हा इल्वा पाठमोरी उभी होती. ओबेर्दान मागच्या अंगणात रश्श्यात घालायची तुळस खुडत होता. तिने पळीतला रस्सा चाखला, कपाळाला आठी घातली आणि डब्यात हात घालून चिमूटभर मीठ टाकलं. पुन्हा चाखलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून माझ्या हातातली ताटली पडता पडता राहिली. जीभ परत आली होती. कधी आली कोण जाणे, बाईने ताकाला तूर लागू दिली नव्हती.

तिला माझी चाहूल लागली. तिने वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग अंगणाकडे तोंड करून खणखणीत आवाजात ओरडली, "ओबेर्दान! मेल्या, कुठे मेलास? ये, मीठ बघ!"