टेकूच्या घराचं दार

दाराची मूठ पुन्हा तिच्या हातात आली. पितळेची, गोल, पिकलं फळ देठापासून सुटावं तशी अलगद सुटली. दारात भोक राहिलं आणि त्यातून आतला उजेड बाहेर डोकावला.

"आलीस?" आतून सुताराने विचारलं. सुतार म्हणजे तिचा नवरा.

"बस चुकली," ती म्हणाली. मग मुठीकडे बघत पुढे जोडलं, "आणि ही सैल झाली होती वाटतं."

तो उठून आला. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून दारापाशी उकिडवा बसला आणि मूठ परत बसवू लागला. त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता, तिच्या केसांत सिमेंटची धूळ. दोघांनीही एकमेकांच्या केसांकडे बघायचं टाळलं.

बस चुकली नव्हती. वाटेतल्या एका गोदामाची भिंत कलली होती, आणि आतले हमाल बाहेर पडेपर्यंत तिने ती पाठीवर तोलून धरली होती. अंगात जाड रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटची काळी काच खाली ओढलेली. शहराने तिचं नाव टेकू ठेवलं होतं. टेकू आला, टेकूने पूल सावरला, टेकूने बस उचलली, असं वर्तमानपत्रात छापून यायचं. त्या रेनकोटात बाई असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि तिला ते सोयीचंच होतं.

हे बळ तिच्यात आलं कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. लहानपणी चेंडू काढायला म्हणून तिने आईचं लोखंडी कपाट एका हाताने उचललं, तेव्हा आईच्या हातातलं दूध सांडलं होतं. आईने तिच्या ओठांवर बोट ठेवलं. कुणाला सांगू नकोस, लोक भितील. आई गेली, ते घर गेलं, बोट मात्र ओठांवर तसंच राहिलं.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चष्म्याचे स्क्रू मोहरीपेक्षा बारीक. ते चिमट्याने उचलून दांड्यांत बसवायचे, काचा घासायच्या, कुणाच्या नाकावर फ्रेम तिरकी बसत असेल तर तारेला किंचित बाक द्यायचा. दूर कुठे आगीच्या बंबाचा भोंगा वाजला की ती पोट दुखतंय म्हणत, पोट धरून उठायची. दुकानाचे मालक, त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत, तिच्या या नाजूक पोटाच्या काळजीने खंगले होते. दर आठवड्याला नवीन चूर्ण आणायचे. इतकी अशक्त पोर संसार कशी करते, असं गिऱ्हाइकांना सांगत सुस्कारे टाकायचे. चूर्णाच्या बाटल्यांनी तिचा खण भरून गेला होता.

घरात मात्र तिच्या हातांना काय व्हायचं कोण जाणे. कपाचे कान निघायचे, नळाची चावी फिरत फिरत हातात यायची, ड्रॉवर ओढला तर पुढची फळीच तेवढी बाहेर. तिने मनाशी एक हिशेब जुळवला होता: दिवसभर आवरून धरलेलं बळ घरी आलं की दावं सोडलेल्या वासरासारखं उधळतं. आणि ज्या हातात पितळ टिकत नाही, त्या हातात लेकरू कसं द्यायचं?

कारण सुताराला लेकरू हवं होतं. मागे एकदा त्याने हलक्या, पांढरट लाकडाची फळी आणून दाखवली होती. पाळण्याला छान होईल, म्हणाला. ती म्हणाली, बघू. पुढच्या वेळीही बघू. मग त्याने विचारणं सोडलं. फळी कापडात गुंडाळून खालच्या कारखान्यात, जिन्यामागे उभी केली. ते 'बघू' मात्र घरात राहायला आलं. जेवताना दोघांच्या मध्ये बसायचं, निजताना दोघांच्या मध्ये निजायचं.

"धाकटी उद्या येतेय," मूठ फिरवून बघत सुतार म्हणाला. "ठकीला घेऊन. पंधरा दिवस राहील."

तिने हातातली किल्ली जपून, दोन बोटांनी टेबलावर ठेवली.

*

धाकटी म्हणजे सुताराची बहीण, तिची नणंद. आली ती वाऱ्यासारखी. पिशव्या, दुपटी, हसणं, आणि खांद्यावर ठकी. ठकी अजून मानही नीट धरत नव्हती. डोळे तेवढे टक्क उघडे, जणू आधीच्या भाडेकरूने घर कसं ठेवलंय ते बघायला आलेली घरमालकीण. धाकटीला टेकूचं भारी वेड. वर्तमानपत्रातलं कात्रण तिच्या पर्समध्येच असे. आमच्याकडे हे साधी बादली उचलताना कण्हतात, म्हणायची, दादा, नवरा असावा तर टेकूसारखा. सुतार रंधा मारता मारता मान डोलवायचा. खरंय, म्हणायचा, तसं माणूस घरात असलं की बरं पडत असेल.

पहिल्या दिवशी धाकटीने ठकीला तिच्यापुढे धरलं, तर तिचे हात पिठाचे होते. दुसऱ्या दिवशी तिला सर्दी झाली. मग पाठीत लचक भरली. मग बोटाला कापलं. त्यासाठी तिने खरोखर पट्टीही बांधली. ठकी मामाच्या कुशीत झोपायची, शेजारणीच्या मांडीवर शी करायची, रद्दीवाल्याकडे बघून हसायची. मामीजवळ तेवढी गेली नाही.

संध्याकाळी धाकटी तिला निजवायची आणि दोघा भावंडांची आई म्हणायची ती ओवी म्हणायची:

दार लोटते हळूच, वारा ठेविते बाहेर
हाताच्या या फांदीवर, बाई, तुझं गं माहेर

ओवीचा सूर स्वयंपाकघरात यायचा, आणि तिच्या हातातल्या पळीला बाक यायचा.

शनिवारी दुपारी धाकटी न्हाणीघराच्या दारात उभी राहिली, खांद्यावर टॉवेल, हातांवर ठकी. "वहिनी, दोनच मिनिटं धर. डोक्यावरून पाणी घेते."

"माझे हात ओले आहेत गं."

धाकटीने तिच्या हातांकडे बघितलं. ते कोरडे ठणठणीत होते.

"वहिनी, माझ्या मुलीला काटे आहेत का?" धाकटी अगदी हळू म्हणाली. "नको असेल तर तसं सांग. पण रोज नवीन काहीतरी काढू नकोस. मला वाईट वाटतं गं त्याचं."

तेवढ्यात दूरवर बंबाचा भोंगा वाजला. काकांनी दुकानात मालाच्या मोजदादीला बोलावलंय, असं काहीतरी पुटपुटत तिने पर्स उचलली. मागे ठकी रडायला लागली. तो आवाज तिला चौकापर्यंत ऐकू आला.

चौकात एका इमारतीला रंगकामासाठी बांधलेला बांबूंचा सांगाडा कोसळत होता. तिने हेल्मेटची काच खाली ओढली, तो सांगाडा खांद्यावर झेलला आणि वरून सुटलेला रंगारी ओंजळीत पकडला. म्हातारा माणूस, घट्ट डोळे मिटून शिव्या देत होता. खाली ठेवला तेव्हा त्याच्या नाकावरचा चष्माही जागचा हलला नव्हता. तिने सवयीने बघितलं: डावी दांडी जरा सैल होती.

*

घरी परतली तेव्हा दारातूनच बांधाबांध दिसली. दुपटी पिशवीत जात होती. धाकटी पाठमोरी होती. दादाला सांगत होती की उद्या सकाळी निघते, ठकीला इथलं पाणी मानवत नाही.

सुतार दाराशी आला. "कुठे होतीस?"

"काकांकडे. मोजदाद होती." आणि दार लोटायला तिने मुठीवर हात ठेवला, तशी मूठ निघाली. या वेळी लाकडाची ढलपीही घेऊन निघाली.

सुताराने मूठ घेतली. खिशात हात मात्र घातला नाही.

"खाली ये," तो म्हणाला.

खालच्या कारखान्यात ओल्या लाकडाचा, सरसाचा वास होता. एका गिऱ्हाइकाच्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. हरणाच्या पायांसारखे त्यांचे पाय.

"आपल्या घरातल्या खुर्च्यांचे पाय कसे आहेत?"

"जाड. मी म्हणते ना नेहमी, तू फर्निचर करतोस की किल्ला बांधतोस. तू म्हणतोस, गिऱ्हाइकाला नाजूक लागतं."

"तू बस चुकली म्हणतेस, तसंच मी ते म्हणतो." त्याने मूठ टेबलावर ठेवली. "आपल्या पलंगाखाली लोखंडी पट्टी आहे. जिन्याच्या कठड्यात सळई आहे. या मुठीचा बोल्ट दारातून आरपार जातो, मागे दुहेरी नट. अशी मूठ हत्तीने ओढली तरच निघेल." तो थांबला. "तुझ्या हेल्मेटची काच कुरकुरायची. ती थांबली कशी?"

ती भिंतीला टेकली. हेल्मेट आणि रेनकोट या कारखान्यातच, प्लायवुडच्या मागे, ती दडवून ठेवत असे.

"मला वाटलं, वापरून वापरून."

"वापरून काच गप्प होत नाही. तेल घालावं लागतं."

मग तो कितीतरी वेळ बोलला, बोलताना एका फळीची कड अंगठ्याने चाचपत राहिला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याला कळलं होतं. आज सांगेल, उद्या सांगेल म्हणत तो थांबला, आणि पुढे थांबायचीच सवय झाली. भोंगा वाजला की रंधा बाजूला ठेवून नुसता बसून राहायचा, जिन्यावर तिची पावलं वाजेपर्यंत. तू पडत्या भिंतीखाली उभी आहेस हे मला ठाऊक आहे, आणि मी तुला एवढंही विचारू शकत नाही की लागलं का गं कुठे, असं तो म्हणाला. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला वाटायला लागलं होतं की तिला मूल नको असं नाही, त्याच्याकडून नको.

"अरे नाही रे," ती म्हणाली आणि मग ओठांवरचं ते बोट कुठे गेलं कळलंच नाही. "मला भीती वाटते. हात आवळला गेला तर? घरात काही टिकतं का माझ्या हातात?"

"दुकानात दिवसभर ते मोहरीएवढे स्क्रू लावतेस. एखादी तरी काच तडकली?"

"दुकानात नाही. तिथे मला कुणी काही विचारत नाही."

"तेच," सुतार म्हणाला. "मूठ मीच बसवतो ना, म्हणून मला माहीत. साधी उशिरा आलीस, दमून आलीस, रागावून आलीस, तेव्हा कधी निघाली नाही. बस चुकली की निघते. काकांकडे मोजदाद असली की निघते. खोटं बोलताना तुला हाताचा अंदाज राहत नाही."

ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. रंगाऱ्याचा चष्मा तिला आठवला, जागचा न हललेला. मग तिने मनातल्या मनात कपांचे कान, नळ, ड्रॉवर, सगळे परत फिरवून पाहिले. एकेक निघालं त्या दिवशी आपण काय बोललो होतो, ते तिला आठवत गेलं. सगळं काही तसं जुळलं नाही. पण पुष्कळसं जुळलं.

"आधी का नाही बोललास?"

"मला तरी कुठे येतं बोलायला," तो म्हणाला. "मला लाकूड जाड करता येतं."

ती हसली, आणि हसता हसता रडली. त्याने शर्टाच्या बाहीने तिचं तोंड पुसलं. गालाला भुसा लागला तो लागलाच.

*

सकाळी दाराची मूठ परत जागेवर होती आणि धाकटीच्या पिशव्या दाराशी रांगेत उभ्या होत्या. ती धाकटीसमोर जाऊन बसली. पट्टी बांधलेलं बोट तिने पुढे केलं आणि पट्टी सोडली. खाली काही कापलेलं नव्हतं.

"सर्दी नव्हती," ती म्हणाली. "लचकही नव्हती. माझ्या हातात जोर फार आहे. मला ठकीला दुखवायची भीती वाटते."

धाकटीने आधी दादाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "एवढंच? अगं वहिनी, पहिला आठवडा मी हिला उशीसकट उचलायचे. आमचे हे तर घामाघूम व्हायचे. मला वाटलं, तुला आम्हीच नकोसे." आणि पुढे काही बोलायला जागाच न ठेवता तिने ठकीला पुढे केलं.

तिने हात पसरले. उन्हाने तापलेली वाळू असते ना, तेवढीच ऊब आणि तेवढंच वजन. आयुष्यात तिने पूल उचलले होते. इतकं जड काही उचललं नव्हतं. घाबरलेय मी, ती मोठ्याने म्हणाली. हं, धाकटी म्हणाली, मानेखाली हात घे. ठकीने घरमालकिणीसारखी तिची तपासणी केली, तिचं बोट मुठीत पकडलं आणि तोंडात घातलं. टेकूला ते बोट सोडवून घेता आलं नाही. तिने प्रयत्नही केला नाही. घशात ओवी आली, अर्धीच आठवली, ती अर्धीच म्हटली. सुतार खिडकीपाशी पाठ करून उभा होता. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

धाकटीने एक पिशवी उचलून परत आत नेऊन ठेवली.

आणि मग भोंगा वाजला. लांब, कालव्याच्या बाजूला.

तिने ठकीला सुताराच्या हातात दिलं. बोट हळूच सुटलं.

"आता कुठे निघालीस?" धाकटीने विचारलं.

जुनी उत्तरं जिभेवर रांगेत आली. पोट. बस. मोजदाद. तिने त्यांना वाट दिली नाही.

"धाकटे, तुझ्या पर्समधलं ते कात्रण," ती म्हणाली. "तो टेकू आला, असं छापलंय ना त्यांनी. चुकलंय. आली, असं हवं."

धाकटी आधी हसली. मग दादाकडे बघितलं, तर दादा हसत नव्हता. जिन्याकडे बोट दाखवून बायकोला सांगत होता की हेल्मेट प्लायवुडमागे नाही, खुंटीला टांगलंय, आणि रेनकोटाची चेन वर ओढताना जपून, नवीन आहे. धाकटी होती तिथेच पिशवीवर बसली.

"लागलं तर सांगशील?" सुताराने विचारलं.

"सांगेन," ती म्हणाली. "आणि ती फळी काढून ठेव. जिन्यामागे ओल धरेल. येते मी."

तिने दार ओढून घेतलं. मूठ जागेवरच राहिली.