सालईपाड्याची मंडळी

माझे यजमान सुकदेव मास्तर धुळ्याच्या मिशनच्या सभेत उभे राहून सांगायचे, सालईपाड्यात देवाचं राज्य झपाट्यानं वाढतंय, निम्मा पाडा बाप्तिस्मा घेऊन बसलाय. टाळ्या पडायच्या. मी मागच्या चटईवर बसून मनात म्हणायचे, वाढतंय खरं, पण कशाच्या जोरावर ते मला विचारा.

भीतीच्या जोरावर. शिरपूरच्या वर, सातपुड्यात हा पावरा लोकांचा पाडा. तिथली माणसं वाघाला भीत नाहीत इतकी डाकिणीला भितात. डाकीण म्हणजे नजरेनं दुसऱ्याचं काळीज खाणारी बाई, आणि ती शेजारीण असू शकते, चुलती असू शकते, कुणीही असू शकते. मास्तरांनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं की येशूच्या नावापुढं भूत-डाकीण कुणी टिकत नाही. लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. बाकीचं शुभवर्तमान त्यांनी ऐकून घेतलं, आपण लग्नात पंगतीची वाट बघत भाषणं ऐकून घेतो तसं.

मी धरणगावची, आजोबांपासून ख्रिस्ती. पण देवाकडून मला धीर द्यायचा तेवढा राहूनच गेला. सासूबाई म्हणायच्या, "हाई देवले घाबरस नि उंदीरले बी घाबरस." खोटं नव्हतं. पाड्यावर आल्यापासून तर पान हललं तरी मी दचकायचे.

त्रेपन्न साली होळीनंतर पाड्यात गोवर आला आणि बिजलाची पोर गेली. बिजला आमच्या मंडळीतला, बाप्तिस्मा घेतलेला. पोरीचाही बाप्तिस्मा झालेला, तिच्या गळ्यातला मंतरलेला दोरा मास्तरांनी स्वतः तोडलेला. तिला पुरून आल्यावर बिजला सरळ बडव्याकडे गेला. बडवा म्हणजे पाड्याचा भगत. त्यानं सुपात ज्वारीचे दाणे टाकून पाहिलं आणि गुंताबाईचं नाव घेतलं.

गुंताबाई विधवा, मूलबाळ नाही, पाड्याच्या टोकाला एकटी राहायची. उपासनेला यायची ती दाराबाहेर बसायची, मान खाली घालून. बाप्तिस्मा द्या म्हणून तिनं किती विनवण्या केल्या! मास्तर म्हणायचे, शिकू दे आधी. खरी गोष्ट अशी की मंडळीतला जाणता कुवरसिंग आडवा येत होता, आणि कुवरसिंगामागे दहा घरं होती. एका म्हातारीसाठी दहा घरं कोण घालवतो?

त्या रविवारी मास्तर धुळ्याला गेलेले. दुपारी मी शमूला मांडीवर घेऊन बसले होते. आठ महिन्यांचा माझा शमू. सकाळपासून त्याचं अंग कोमट लागत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारातून गुंताबाई धापा टाकत आत शिरली. "बाई, माले दपाड," म्हणाली आणि दाण्याच्या कणगीमागे अंग चोरून लपली.

पाठोपाठ अंगण भरलं. पुढे कुवरसिंग, त्याच्या बाजूला बिजला, मागे सगळी आमचीच मंडळी. सकाळी माझ्याबरोबर गाणी म्हणणारी हीच माणसं, आता हातांत काठ्या होत्या. बडवा लांब मोहाच्या झाडाखाली उभा. बिजलाच्या हातात तिखटाची पुडी होती. ती कशाला, ते मला माहीत होतं. गेल्या साली पलीकडच्या पाड्यावर एका बाईच्या डोळ्यांत तिखट घालून तिला दरीकडे हाकलली होती. ती परत आली नाही.

"बाई, तिले बाहेर काढ," कुवरसिंग म्हणाला.

 मी म्हणाले, "डाकीण नही ऱ्हास, कुवरसिंगभाऊ. मास्तरनी कितला वेळा सांगं."

"आम्ही कसाले उनूत तुमनाकडे?" तो म्हणाला. "तिनापासून वाचाडा म्हणीसन. आन तुम्ही तिलेच घरमा ठेवतस."

 त्याच्या जागी त्याचं बरोबरच होतं. ज्या भीतीवर मास्तरांनी मंडळी उभी केली, तीच आता काठ्या घेऊन माझ्या दारात आली होती.

मग बिजला बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. "डाकीण नही ऱ्हास ना, बाई? मंग तुना पोऱ्या तिना मांडीवर ठेव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पाचावर धारण बसली. शमूचं अंग माझ्या हाताला आता कोमट नाही, चांगलं गरम लागत होतं. गोवर असला तर उद्या-परवा पुरळ दिसणार. आज मी त्याला तिच्या मांडीवर ठेवला आणि उद्या तो तापानं फणफणला, तर या लोकांना पुरावाच मिळाला. त्याला काही बरंवाईट झालं तर तिचीही सुटका नाही. आणि नाही ठेवला, तर ती संध्याकाळही बघणार नाही.

"गुंताबाई, बाहेर ये," मी म्हणाले.

ती कणगीमागून आली, पण शमूला बघून दोन पावलं मागं सरली. "नको बाई. त्याले मना जोडे आणू नको."

"का?"

"माले बी माहीत नही, बाई." तिनं हात पदराआड घेतले. "बठ्ठा म्हणतस, डाकीणले सोताले समजत नही. झोपमा जीव निंघी जास. मना बी जात व्हई ते? त्याकरता तं बाप्तिस्मा मांगं मी. काही व्हई ते धोवाई जाई."

म्हणजे ही बाई इतके दिवस दाराबाहेर मान खाली घालून बसत होती ती लाजून नव्हे. कुणाच्या लेकरावर आपली नजर पडू नये म्हणून.

मला असा संताप आला की भीती घटकाभर बाजूला राहिली. बडव्याचा राग आला, बिजलाचा आला, धुळ्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मिशनच्या साहेबांचा आला, त्यांच्यापुढं माना डोलावणाऱ्या माझ्या नवऱ्याचा तर सगळ्यात जास्त. मी गुंताबाईचा दंड धरून तिला ओट्यावर, सगळ्यांसमोर बसवलं आणि शमूला तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं डोळे गच्च मिटून घेतले. हातसुद्धा लावीना.

"डोया उघड," बिजला म्हणाला.

"उघड, गुंताबाई," मीही म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

तिनं डोळे उघडले आणि शमूकडे पाहिलं. शमूनं तिच्या गळ्यातली मण्यांची माळ मुठीत धरून ओढली. ती हसली नाही, रडली नाही, नुसती बघत राहिली.  मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते, आणि ती गुंताबाईसाठी नव्हती.

"पोऱ्याले काही व्हयनं, ते मंग पाहसूत," शेवटी कुवरसिंग म्हणाला. लोक पांगले. बिजला मात्र अंगणातच बसला, पुडी शेजारी ठेवून.

आत आल्यावर गुंताबाई माझ्या कानाशी लागली. "बाई, पोऱ्या तपेल शे."

मी शमूच्या अंगावर पांघरूण ओढलं.

"सकायपासून?" तिनं माझा हात धरला. "मना हात लागाना पहिलेपासून?"

"हो. सकाळपासून."

तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. आणि ती ढसाढसा रडायला लागली, तोंडात पदर कोंबून, अंगणात ऐकू जाऊ नये म्हणून. माझं लेकरू तापलेलं, आणि त्याच तापानं या बाईच्या उरावरचा धोंडा उतरला होता. मला तिचा राग आला, तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच न करता मी शमूच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

पुरळ काही लपत नाही. तिसऱ्या दिवशी शमूच्या कानामागून ते गालांवर उतरलं आणि बिजलानं दारातून पाहिलं. तो पुडी घेऊन उठला. मी दारात आडवी उभी राहिले. "माझं पोर जिवंत आहे," म्हणाले. "ते जिवंत आहे तोवर तिला हात लावायचा नाही." तो पुडी मुठीत धरून पुन्हा खाली बसला. त्याची पोर तापाच्या तिसऱ्याच दिवशी गेली होती.

त्या दिवसांत काय भोगलं ते माझं मला माहीत. गुंताबाई कडुलिंबाचा पाला अंथरायची, शमूला पाणी पाजायची, आणि आम्ही दोघी त्याचा श्वास मोजत बसायचो. श्वास जरा अडखळला की दोघींचाही अडखळायचा. शेवटी ताप उतरला, पुरळ सुकलं, आणि एका सकाळी शमू दुधासाठी भोकाड पसरून रडला. मी इतकी खूश झाले की बिजलालाही चहा दिला. त्यानं तो घेतला आणि पुडी उचलून घरी गेला.

मास्तर परतले ते थेट चमत्कारातच. उरलेला पाडा बाप्तिस्मा मागत होता. कुवरसिंगानं स्वतः गुंताबाईला नदीवर आणलं. मास्तरांचे डोळे भरून आले. "कुंदा, मला जमलं नाही ते तू केलंस," म्हणाले.

नदीकाठी बिजलाची बायको सोनीबाई उभी होती, कडेवर धाकटा. मी त्याच्या गालाला हात लावायला गेले, तशी तिनं चटकन त्याच्या तोंडावर पदर ओढला आणि माझ्याकडे बघून हसली. बडव्याला बघून भीत भीत हसायची, तसंच.

मी गुंताबाईला विचारलं. तिला सांगवेना, तरी सांगितलं. "त्या म्हणतस, डाकीणनं खायेल पोऱ्या जी जगाडस, ती तिनापेक्षा मोठी डाकीण."

मास्तरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, होईल हळूहळू, विश्वास वाढेल. मंडळी मात्र वाढलीच. उपासनेला झोपडी पुरेना, बायका माझ्या पाया पडायला लागल्या, आणि पोरं मात्र घरी ठेवून यायला लागल्या. धुळ्याला टाळ्या पडल्या असतील.

पावसाळ्यात सालईपाड्यात ताप येतोच, दरसालचा आहे. पण त्या साली कुवरसिंगाचा नातू तापलाय असं कानावर आलं, आणि भर दुपारी मी शमूला उचललं, गुंताबाईला आत ओढलं आणि दाराला कडी लावली.