घरचीच तर आहे

"ही उशी आहे की पाट?" एक नंबरच्या खाटेवरच्या मुख्याध्यापिका बाई पुटपुटल्या, पण अशा बेतानं की वॉर्डच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जावं. सेवानिवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आवाज अजून नोकरीतच होता. पाय प्लास्टरमध्ये, तोंड मोकळं.

दुपारच्या पाळीची सिस्टर उशी बदलायला धावली.

आठ नंबरवर तिची सख्खी वहिनी होती. सकाळीच गर्भाशय काढलेलं. दर अर्ध्या तासाला नाडी आणि रक्तदाब बघायचा, असं तिच्या कागदावर लाल शाईनं लिहिलेलं. चार वर्षं दुखणं अंगावर काढलेली ही बाई ऑपरेशनला तयार झाली ती एवढंच विचारून, "ताई, तुम्ही असाल ना तिथं? मग मला काळजी नाही."

ताई होत्या. पण दोन वाजता पाळीवर येताच मेट्रनबाई हसत म्हणाल्या होत्या, "आज घरचं माणूस आहे म्हणे. बाकीच्यांकडेही बघा हो जरा." ते हसणं सिस्टरला झोंबलं. वीस वर्षांच्या नोकरीत तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं: आधी सगळ्यांचं, मग वहिनीचं. घरचीच तर आहे, समजून घेईल.

समजून घ्यायची वहिनीला सवयच होती. घरात सगळ्यांची जेवणं उरकली की उरेल ते तिचं. अंगात ताप असला तरी म्हणायची, "माझं काय, मी घेईन नंतर." म्हणून सगळे तिला गुणी म्हणायचे. एखादीला कायम शेवटी ठेवायचं आणि वर गुणी म्हणायचं, म्हणजे आपल्याला जेवण गोड लागतं.

अडीचला वहिनीनं हाक मारली. "ताई, तहान लागलीय फार."

"आज पाणी नाही हं. ओठ ओले कर." सिस्टरनं जाता जाता पोटावरची पट्टी पाहिली. कोरडी. छान. रक्त आत साठत होतं, ते पट्टीवर कुठून दिसणार?

तीनला पुन्हा हाक. "गार पडल्यासारखं वाटतंय. जीव घाबरतोय माझा."

"पंखा कमी करते. आलेच मी." पंखा कमी झाला. सिस्टर काही आली नाही. चार नंबरची सलाईन संपत आली होती, सहा नंबरचे नातेवाईक डिस्चार्जच्या कागदासाठी भांडत होते.

साडेतीनला वहिनीनं उशाची घंटा दाबली. त्याच वेळी एक नंबरचीही वाजली. सिस्टर दोन खाटांच्या मध्ये थांबली आणि एक नंबरकडे वळली. मुख्याध्यापिका बाईंना खिडकीचा पडदा ओढून हवा होता.

चारला ती आठ नंबरवर पोचली तेव्हा वहिनीची नखं पांढरी पडली होती. नाडी एकशे चाळीस. रक्तदाब नीट लागेना. मग मात्र सिस्टरनं सगळं झपाट्यानं केलं: पाय उंच केले, दुसरी सलाईन लावली, डॉक्टरांना बोलावलं, रक्त मागवलं. पुन्हा पोट उघडावं लागलं. वहिनी थोडक्यात वाचली.

तिची खाट ऑपरेशनला गेल्यावर सिस्टर टेबलाशी उभी राहिली. अडीच, तीन, साडेतीन: तीन रकाने कोरे. तिनं नाडी लिहिली: चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. अक्षर नेहमीसारखं रेखीव आलं.

चौथ्या दिवशी वहिनी वॉर्डात परतली. खाटेभोवती सगळे जमले. डॉक्टरांनी कागद चाळला. "साडेतीनपर्यंत सगळं व्यवस्थित आहे. चारला अचानक झालं. होतं असं कधीकधी. अहवालात तसंच लिहितो."

"माझी लेक होती म्हणून वाचली," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं मान डोलावली. मेट्रनबाईंनीही. एक नंबरवर मुख्याध्यापिका बाईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. सिस्टर सलाईनचे थेंब मोजत होती, मोजायची काही गरज नसताना.

"डॉक्टर," वहिनी म्हणाली, "ते आकडे कुणाचे आहेत?"

"तुमचेच."

"सूनबाई, बोलू नकोस. पड शांत," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"शांतच पडले होते, आई." वहिनीनं मान वळवली आणि नणंदेकडे पाहिलं. आवाज चढवायची ताकद नव्हती, म्हणून सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. "मी तुम्हाला तीनदा बोलावलं, ताई. चार वाजेपर्यंत माझ्या मनगटाला कुणी हात लावला नाही. अचानक काही झालं नाही. मी मरत होते, आणि मी घरची म्हणून तुम्ही मला शेवटी ठेवलंत."