कडुबा आबांच्या पायाखालची धडधड

मित्रांनो, डोळे मिटा. अनवाणी पाय जमिनीवर टेकवा. आता कल्पना करा, दुरून काहीतरी जड येत आहे आणि तळपायांना बारीक मुंग्या येऊ लागल्या आहेत. ती धडधड माझी. मी एक जुने डिझेल इंजिन आहे. चिकलठाण्याच्या पुढच्या एका लहान स्टेशनात, बाजूच्या रुळावर मी उभे आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा माझा रंग इतका चकचकीत होता, की फलाटावरची मुले माझ्यात तोंड बघून दात विचकत. पुढे वर्षानुवर्षे मी पॅसेंजर गाडी ओढली. कारखान्यांतले कामगार, कॉलेजची मुले, औरंगपुऱ्याच्या बाजारात लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली मंडळी, सगळ्यांना मी नेले. माझा धूर मात्र वाईट. रुळाजवळ राहणाऱ्या सरूबाई दोरीवरचे धुणे गोळा करत ओरडत, "आला बघा काळतोंड्या!"

कडुबा आबांना मात्र माझे फार कौतुक. त्यांचे घर रुळाच्या अलीकडे आणि गायरान पलीकडे. रोज शेळ्या घेऊन ते रुळापाशी येत, चप्पल काढून खडीवर पाय ठेवत आणि क्षणभर थांबत. मुंग्या आल्या नाहीत, की शेळ्या पलीकडे हाकत. पुलाखालून चांगली वाट होती, पण ती लांबची. "आपलं इंजिन सांगून येतं," असे ते स्टेशनात चहा पिताना सांगत. ते ऐकून मला बरे वाटे.

मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. माझ्या जागी विजेचे इंजिन धावू लागले. त्याला धूर नाही, माझ्यासारखी धडधडही नाही. आबांची आणि त्याची मात्र रुळावर अजून गाठ पडली नव्हती.

परवा सुट्टी होती. आबांबरोबर त्यांची नात श्रेया आली होती. मी उभे आहे तिथून त्यांची रूळ ओलांडायची वाट स्पष्ट दिसते. आबांनी खडीवर पाय ठेवला. काहीच जाणवले नाही. त्यांनी पुढची शेळी हाकली आणि स्वतः रुळाकडे पाऊल टाकले. तेवढ्यात वळणावर नवे इंजिन दिसले. ते शिट्टी वाजवत होते, पण वारा उलटा होता. मला ओरडायचे होते. माझे पोट मात्र कधीचे थंड पडले होते.

"आबा, मागं या! गाडी आली!"

"कुठली गाडी? धडधडल्याबिगर गाडी येती व्हय? तुझं आपलं काहीतरीच!"

श्रेयाने दोन्ही हातांनी आबांचे धोतर धरले आणि त्यांना मागे ओढले. आबा खडीवर आपटले. शेळी पलीकडे उडी मारून गेली आणि मधून गाडी सणसणत निघून गेली.

खडीवरून उठत आबा म्हणाले, "पाय म्हातारं झालं गं माझं."

"पाय चांगले हायेत, आबा. गाडी बदलली."

"लई शहाणी झालीस," आबा म्हणाले. पण तिचा हात त्यांनी सोडला नाही.

मित्रांनो, नव्या इंजिनावर माझा राग नाही. सरूबाईंचे धुणे आता पांढरे राहते. थोड्या दिवसांनी मला भंगारात नेतील. माझी आठवण ठेवा, पण जुन्या सवयीच्या भरवशावर रुळावर पाऊल टाकू नका. पुलाची वाट लांबची असली, तरी ती घरी पोचवते.

काल शेळ्या जुन्या वाटेलाच वळल्या. आबाही सवयीने चप्पल काढू लागले. श्रेया पुढे धावली. बांधावरची वाळलेली बाभळीची फांदी तिने फरफटत आणली आणि त्या वाटेवर आडवी टाकली. मग पुढच्या शेळीचा कान धरून ती पुलाकडे चालू लागली.