पावकाकांची सुरी

"याला पाव म्हणायचं?" पावकाकांनी मुलीच्या ताटलीकडे हनुवटीनेच खूण केली. "याच्यापेक्षा वीट मऊ असेल."

"हळू बोला, बाबा. तो माणूस ऐकतोय," मुलगी म्हणाली.

तो माणूस म्हणजे हेड वेटर. जहाजाच्या त्या जेवणघरात एका वेळी चारेकशे माणसं जेवत, पण रोज संध्याकाळी तो न चुकता यांच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. हातात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचा कागद असायचा. मुलीला गहू चालत नव्हता आणि दूधही चालत नव्हतं. म्हणून तिने आदल्या संध्याकाळीच काय हवं ते सांगायचं, त्याने कागदावर खुणा करून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तिचं ताट झाकण घालून, वर हिरवी चिठ्ठी लावून वेगळं यायचं. पाव तर चांदीच्या कागदात गुंडाळलेला. थाट राणीचा होता, पण राणीला त्याची लाज वाटायची. आपल्यासाठी कुणी धावपळ केली की ती लहानपणापासूनच अंग चोरायची.

"चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा होतो मी," काका हेड वेटरला म्हणाले. "माझ्याकडे असला पाव निघाला असता ना, तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवलं नसतं."

"गहू काढून घेतला की पाव रुसतो, काका," तो हसून म्हणाला. "आमच्या आचारीणबाई जमेल तेवढं करतात." मग त्याने कागद मुलीपुढे ठेवला. "ताई, उद्या बंदर आहे. न्याहारी लवकर लागेल ना?"

मुलीचा चेहरा खुलला. त्या बंदरावर टेकडीच्या टोकाला एक जुनं दीपगृह होतं. शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं आणि ते कापून तिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ती तिथे जाणार होती, आणि वडिलांना घेऊन. जहाज तिथे एकच दिवस थांबायचं. ती हेड वेटरला किती पायऱ्या आहेत, वर जाऊ देतात का, असं काय काय विचारत बसली.

तेवढ्यात टोपलीतून गरम बन आले. काकांनी एक मोडला, नाकाशी नेला, आतली जाळी उजेडात धरून पाहिली आणि "हं" म्हणाले. दुसऱ्याच्या पावाला त्यांनी दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी. त्यांनी त्याला लोणी लावलं, दोन घासांत संपवला. पोटात गरम गेलं, समोर लेक हसत होती, समुद्रही गप्प होता. बायको गेल्यापासून इतकं बरं त्यांना वाटलंच नव्हतं. मुलीचा पाव मात्र कागदात गार होत होता. "माझ्या ताटलीला तुमचा हात लागू देऊ नका हं, बाबा," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तीन दिवस त्यांनी ते पाळलंही होतं. पण हाताला आपली सवय असते. त्यांनी कागद सोडला, पाव मधोमध चिरला, तिच्या छोट्या वाटीतलं बिनदुधाचं लोणी घेऊन पार कडेपर्यंत लावलं. कडा कोरड्या ठेवणाऱ्या माणसाचा त्यांना पहिल्यापासून राग. मग पाव तिच्यापुढे सरकवला.

"खा. गार होतोय."

मुलीने पावाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. तिने तो पाव उचलून सगळा खाल्ला. काका खूश झाले.

सकाळी केबिनच्या न्हाणीघराचं दार आतून बंद होतं आणि आतून ओकाऱ्यांचा आवाज येत होता. अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती भिंत धरत. अंथरुणावर पोटाशी पाय घेऊन पडली. एवढी मोठी बाई, पण काकांना ती एकदम आठ वर्षांची दिसली.

"समुद्र लागला असेल, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या दीपगृहावर. मला नाही जमायचं."

"समुद्र काल लागला नाही, परवा लागला नाही, आणि आज जहाज उभं असताना लागला?" काका म्हणाले आणि तरातरा जेवणघरात गेले.

न्याहारीची वेळ होती, सगळी टेबलं भरलेली होती. काकांनी हेड वेटरला मधोमध गाठला आणि आवाज चढवला. हिरव्या चिठ्ठ्या काय लावता, चांदीचे कागद काय गुंडाळता, आणि माझ्या पोरीला काय खायला घातलंत? शेजारच्या टेबलावरच्या निवृत्त जोडप्याने चमचे खाली ठेवले. हेड वेटरने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि आचारीणबाईंना बोलावणं धाडलं.

त्या आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, डोक्याला घट्ट फडकं बांधलेल्या. बाह्या वर केलेल्या होत्या आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे आडवे डाग. तसेच डाग काकांच्या हातांवर होते. भट्टीचं दार रोज पन्नास वेळा उघडणाऱ्याला ते पडतातच.

"मी स्वतः भाजला तो पाव," त्या म्हणाल्या. "पीठ वेगळं, फळी वेगळी, ओव्हन वेगळा. माझ्याशिवाय तिथे कुणी हात घालत नाही. अहो, गव्हाच्या पावाला लागलेली सुरी जरी त्याला लागली तरी अशा माणसाला त्रास होतो, मला माहीत आहे ते."

सुरी म्हटल्याबरोबर काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कालचा बन आठवला. त्याचा चुरा सुरीच्या पात्यावर लोण्याला चिकटला होता तो आठवला, आणि तीच सुरी तिच्या वाटीत गेली तेही आठवलं. चाळीस वर्षं पिठात काढलेल्या माणसाला पीठ कुठे कुठे जाऊन बसतं हे कुणी सांगायला हवं होतं का?

"टेबलावर काही झालं नाही ना, काका?" हेड वेटरने हळूच विचारलं.

सांगून टाकायची हीच वेळ होती. पण सगळं जेवणघर बघत होतं, आणि आत्ताच एवढा आरडाओरडा केला होता. "आमच्याकडून काही नाही," ते म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."

आचारीणबाई आत गेल्या. चौकशी होईपर्यंत त्यांना पथ्याच्या ताटांपासून दूर ठेवावं लागेल, असं हेड वेटर म्हणाला. काकांनी मान डोलावली आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली.

केबिनमध्ये येऊन ते मुलीच्या उशाशी बसले. ती डोळे मिटून पडली होती. गोल खिडकीतून टेकडी दिसत होती, तिच्या टोकाला पांढरं दीपगृह. माणसं रांगेने वर चढत होती.

हिला चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. वाढच नव्हती अंगाला. काड्यांसारखे हातपाय आणि पोट तेवढं पुढे. "पाववाल्याची पोर आणि अशी?" गिऱ्हाइकं चेष्टेत म्हणायची, पण काकांना ते झोंबायचं. मग रोज शाळेआधी पहिल्या घाण्यातला सर्वांत मोठा बन, सोबत दुधाचा पेला, आणि समोर हाताची घडी घालून स्वतः काका. "एक तुकडाही टाकायचा नाही." ती तोंडात घास धरून बसायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण संपवायची. मग शाळेतून पोट धरून घरी यायची. काय खाल्लंस विचारलं की ठरलेलं उत्तर, "बाहेरचं काहीतरी खाल्लं, बाबा." त्यावर बोलणी बसायची. दोनदा काकांनी हातही उगारला होता, आणि तो नुसता उगारला नव्हता.

चौतिसाव्या वर्षी पाण्याची बादली उचलताना तिचं मनगट मोडलं. हाडं इतकी पोकळ कशी म्हणून डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हिला गहू सोसत नाही, लहानपणापासूनच सोसत नसणार. आतडी खराब झाल्यामुळे दूधही बाधतं. बायकोने ही बातमी दुकानात येऊन दिली. "डॉक्टरांना काय कळतंय," म्हणून काकांनी तिला वाटेला लावलं. त्या दिवशी भट्टीतला अख्खा घाणा जळला. आयुष्यात पहिल्यांदा. पण मुलीशी त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. दहा वर्षं झाली. बायको गेली, भट्टी थंड झाली, आणि त्या पोरीनेच रजा काढून त्यांना समुद्र दाखवायला आणलं.

दुपारी जेवणघर रिकामं होतं. वेटर टेबलांवर नवी कापडं अंथरत होते. काका हेड वेटरपुढे जाऊन उभे राहिले.

"सुरी माझी होती," ते म्हणाले. "माझ्या बनाची सुरी मीच तिच्या पावाला लावली. तुमच्या बाईंची काही चूक नाही."

हेड वेटर गोंधळला. "पण ताईंनी सकाळीच फोन केला होता मला. तुम्ही इथून गेलात आणि लगेचच. म्हणाल्या, त्यांनीच चुकून भलती सुरी वापरली, कुणाला बोल लावू नका. आचारीणबाई केव्हाच परत कामाला लागल्यात."

काका मटकन खुर्चीत बसले. बाहेरचं काहीतरी खाल्लं, बाबा. सगळं तेच होतं, तेच वाक्य, फक्त जरा मोठं झालेलं. ही पोर जन्मभर त्यांच्या पावाचा गुन्हा स्वतःच्या नावावर घेत आली होती, आणि वर मारही तिनेच खाल्ला होता.

त्यांनी आचारीणबाईंना भेटायचंच म्हणून हट्ट धरला. त्या हात पुसत बाहेर आल्या. काकांनी हात जोडले.

बाई जरा वेळ त्यांच्या हातांवरचे डाग बघत राहिल्या. "भट्टीवर होता वाटतं," त्या म्हणाल्या. "बरं झालं आलात. पण सकाळी चारशे माणसांत बोललात, काका. आणि आता कुणी नाही तेव्हा आलात." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यात राग नव्हता, पण काकांच्या ते वर्मी लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

संध्याकाळी मुलगी अंगावर शाल घेऊन जेवायला आली, चेहरा कागदासारखा. काका तिच्या आधीच येऊन बसले होते. तिला खुर्ची ओढून दिली आणि मग ते बसण्याऐवजी शेजारच्या टेबलाकडे वळले.

"सकाळी मी आरडाओरडा केला तो तुम्ही ऐकलात," ते त्या जोडप्याला म्हणाले. आवाज मुद्दाम मोठा होता. पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. "चूक माझी होती. स्वयंपाकघराची नाही. माझ्याच सुरीने माझी मुलगी आजारी पडली."

"अहो, होतं असं," ती बाई पुटपुटली. कुणीतरी खोकलं. काका लालबुंद चेहऱ्याने खाली बसले.

"बाबा, कशाला?" मुलगी म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग खाल्लास कशाला, चिमे?"

तिने सूपमध्ये चमचा फिरवला. "तुम्ही कडेपर्यंत लावून दिलं होतंत. आई गेल्यापासून तुम्ही कुणाला काही करून दिलं नव्हतंत. म्हटलं, एका पावाने काय होतंय."

"आणि लहानपणी? बाहेरचं खाल्लं म्हणायचीस ते?"

"बाहेरचं कुठलं खाणार होते मी? माझ्याकडे काय पैसे असायचे?" ती किंचित हसली. "लांबून लांबून माणसं यायची तुमच्या पावाला. तुमच्याच घरात तो बाधतो, असं कसं सांगायचं?"

आचारीणबाईंपुढे हात सहज जोडले गेले होते. लेकीपुढे ते मांडीवरून उचलेनात.

"चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "काल चुकलं. आणि तेव्हाही."

मुलीने मान हलवली. हो म्हणाली की जाऊ द्या म्हणाली, ते त्यांना कळलं नाही.

गरम बनांची टोपली आली. काकांनी ती दुरूनच परत पाठवली आणि हिच्यासारखाच पाव मलाही द्या म्हणाले. चांदीच्या कागदातून तो आला. त्यांनी कोरी सुरी मागून घेतली, पाव चिरला, बिनदुधाचं लोणी कडेपर्यंत लावलं आणि घास घेतला. तोंडात वाळू झाली. तो इकडून तिकडे फिरवला तरी घशाखाली उतरेना. मुलगी समोरून बघत होती. तिने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"नको असेल तर राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "टाकून दिलात तरी चालेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. शाळेच्या सगळ्या वर्षांत, एकाही सकाळी, हे वाक्य त्यांना सुचलं नव्हतं.

खिडकीबाहेर बंदर मागे पडत होतं आणि टेकडीवरच्या दीपगृहात दिवा लागला होता. काका खाली मान घालून खात राहिले. पाव संपला तेव्हा त्यांनी ताटलीत पडलेला चुरा बोटाने टिपला आणि तोही खाल्ला.