एकशे सतरावी ओळ

बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट मी अकरा वर्षं एकटीने सांभाळली. दोनशे चौदा पानं. धागा का तुटतो, टाके का सुटतात, पायमशीनचा पट्टा कसा बदलावा. कुणी यातलं काही शोधलं की आमचं दुकान सगळ्यांत वर दिसायचं, आणि त्यावरच आमचे फोन यायचे. मग धाकटी बहीण मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, आता आपण इस्त्र्या आणि मिक्सरही दुरुस्त करतो. साइटचं नाव बदलायला हवं." बाबांनी लगेच मान डोलावली. याच बाबांकडून फोटोसाठी एक दिवा मिळवायला मला दोन वर्षं लागली होती.

हो, माझ्या पोटात दुखलं. लपवून काय करू?

नवं डोमेन, म्हणजे साइटचं नवं नाव, घेणं सोपं असतं. जुन्या नावाने कमावलेली जागा न घालवणं कठीण. त्यासाठी प्रत्येक पानाचा जुना पत्ता आणि त्यासमोर नवा, अशी यादी करायची. मग जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्या साइटच्या त्याच पानावर पोचतो, आणि सर्च इंजिनलाही कळतं की दुकान तेच आहे. यादी माझ्याकडे आली.

"पानं तुझ्याइतकी कुणाला पाठ आहेत, ताई?" धाकटी म्हणाली. गोड बोलून तिने काम माझ्या गळ्यात मारलं, असंच मला वाटलं.

यादीला क्रमांक मी हाताने घालते. जुनी सवय. एकशे सतराव्या ओळीवर 'सुई सारखी का मोडते?' हे पान आलं. दोनशे चौदांतलं एवढंच धाकटीचं. कॉलेजच्या सुटीत एका दुपारी खरडलेलं, आणि बाबा अजून येईल त्याला सांगतात, "हे आमच्या धाकटीने लिहिलंय." माझी दोनशे तेरा त्यांनी कधी कुणाला दाखवली नाहीत. मी ती ओळ उडवली. एका पानाने काय होतंय, म्हटलं.

मंगळवारी सकाळी साइट नव्या नावावर हलली. पहिला आठवडा सर्चमध्ये माझी पानं खाली-वर झाली, मग एकेक करून जागेवर आली. मी मनातून खूश होते. पण फोन थंडावले. तिसऱ्या आठवड्यात बाबा स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाले, "दिवसभरात दोन फोन. असंच राहिलं तर कारागिराला काय सांगू?" कारागीर समोरच बसून ऑइलचे हात पुसत होता. बावीस वर्षं आमच्याकडे आहे तो. त्याने वर पाहिलं नाही.

धाकटीने खुर्ची ओढून आकडे उघडले. मी तिच्या मागे उभी राहिले. जुन्या साइटवर येणाऱ्या दर दहा माणसांतली चार त्या सुईच्या पानावरून आत येत, मग माझी पानं वाचत, मग फोन करत. कितीतरी शिवणक्लासवाल्यांनी आपल्या साइटवर त्याच पानाचा पत्ता दिला होता. आता तिथे 'पान सापडलं नाही' एवढंच येत होतं. कुठल्या पानाला किती माणसं येतात हे अकरा वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तिचं पान कितव्या नंबरावर आहे ते मला बघायचंच नव्हतं.

मग तिने माझी यादी उघडली. एकशे सोळा. एकशे अठरा. तिचं बोट तिथे थांबलं.

"कंपनीत मी प्रत्येकाची यादी दोनदा तपासायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझी नाही तपासली."

तिने मध्ये ओळ घातली, दोन्ही पत्ते लिहिले, सेव्ह केलं आणि बाबांकडे वळली.

"बाबा, माझंच एक पान माझ्याकडून राहून गेलं होतं. आता लावलंय. येतील फोन हळूहळू."

"होतं असं कधी कधी," म्हणत बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

'ती ओळ मी उडवली', एवढंच म्हणायचं होतं मला. पण तो हात अजून तिच्या डोक्यावरच होता, आणि लाज वाटायच्या आधी मला तिचा हेवाच वाटला.