सायीत भिजलेलं पीठ

मी काठवट बोलतेय. भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट. हल्ली माझ्या जातीच्या बऱ्याच जणी हॉटेलांच्या भिंतींवर शोभेला टांगलेल्या असतात. मला अजून रोज पीठ लागतं, म्हणून जे घरात एकीवाचून कुणालाच ठाऊक नव्हतं ते मला कळलं. कळून उपयोग काय? लाकडाला तोंड नसतं.

निफाडच्या नाथा सुताराने मला आंब्याच्या ओंडक्यातून कोरलं. सगुणाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा मी त्यांच्या घरात आले. त्यांनी पहिल्यांदा मळलेलं पीठ इतकं सैल झालं होतं की सासूने त्याची धिरडी घातली. पुढे हात बसला. त्यांची दोन्ही लेकरं, थोरली निकिता आणि धाकटा सार्थक, माझ्या कडेला बसून पिठाच्या चिमण्या करायची.

नवरा गेला, लेकरं मोठी झाली, आणि मग सार्थकच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी निफाडहून ये-जा झेपेना, म्हणून सगुणाबाई त्याला घेऊन निकिताच्या शहरातल्या, इंदिरानगरच्या फ्लॅटवर राहायला आल्या. सोबत देव आणि मी. सगुणाबाईंना शुगर, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. निकिताची जुळली. पण डॉक्टरांनी अट घातली, आधी वजन चांगलं उतरवा, नाहीतर ऑपरेशन तुमच्याच जिवावर बेतेल. उपाशी राहून अंगातली ताकद घालवू नका, हेही बजावलं.

निकिता जिमला जाऊ लागली. तिथली ट्रेनर सुहाना तिच्याकडून वजनं उचलून घ्यायची. त्यानंतर निकिताची भूक अशी खवळली की विचारू नका. घरात पाऊल टाकताच ती ओट्याशी येऊन उभी राहायची आणि पाण्यावर पाणी प्यायची. सुहानाने सांगितलं होतं, ही भूक येणारच, तिच्याशी भांडू नकोस. आधी काकडी-टोमॅटो, मग पोटभर उसळ, दही, अंडी, आणि भाकरी शेवटी, एकच. वजनं उचलशील त्या दिवशी थोडं जास्त खा, पण जेवण चुकवू नकोस.

निकिताने मनापासून ऐकलं. वजनाचा काटा खाली येऊ लागला आणि मग एकदम अडून बसला.

कारण माझ्या पोटात होतं. एके दिवशी सगुणाबाईंनी पाण्याऐवजी माझ्यात दूध ओतलं. मला वाटलं, नजरचूक असेल. दुसऱ्या दिवशी साय पडली, वर तुपाचा गोळा. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी बांधून द्यायची, ही इकडची रीत. ती टिकते आणि पोटाला धरते. आपली लेकही अशाच एका प्रवासाला निघाली आहे, असं त्या माउलीने मनाशी धरलं होतं. भाकरी एवढी मऊ कशी, असं निकिताने विचारलं तर म्हणाल्या, नवी ज्वारी हाय.

काटा हलेना म्हणून निकिता घाबरली. सुहानाचं सांगणं बाजूला ठेवून तिने सकाळचं खाणं सोडलं, मग उसळही अर्धी केली. तिचं तोंड उतरलेलं बघून सगुणाबाईंनी तूप वाढवलं. भूक वाढली, भीती वाढली आणि माझ्या लाकडाला तुपाची चकाकी आली. तिकडे डायलिसिसला सार्थकच्या हाताची शीर साथ देईना. डॉक्टर म्हणाले, आता फार थांबता येणार नाही. फुटून माझे दोन तुकडे व्हावेत असं वाटायचं. निदान पीठ तरी सांडलं असतं.

त्या संध्याकाळी सगुणाबाई पीठ मळून देवापुढे दिवा लावायला गेल्या होत्या. निकिता जिमवरून आली. तिने माझ्याकडे बघितलं, पिठाचा लचका तोडला आणि कच्चाच तोंडात टाकला. दुसरा तोडला. तिसरा तोडताना मात्र थांबली. भाजल्यावर जे लपत होतं, ते कच्च्या पिठात लपलं नाही. तिने बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

सगुणाबाई दारात आल्या. निकिता ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, यात साय आहे."

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पोटातला तुकडा काढून देणार तू, अन् मी तुला कोरडी भाकर घालू? अशी वाळली तर त्या टेबलावरून उठशील का? एक तर चाललाच हाय. दुसरी पण घालवू का मी?"

"मी उपाशी मरत नव्हते गं. तुझ्या तुपामुळे उपाशी राहिले. आणि तिकडे तो..." मायलेकी खाली फरशीवर बसून रडल्या. आतल्या खोलीत सार्थक होता, म्हणून आवाज दाबून.

दुसऱ्या दिवशी सुहाना घरी आली. आईने जेवण रांधावं, पण लेकीला विचारून, असं तिने गोडीने समजावलं. गळ्यात माळ असलेल्या सगुणाबाईंनी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा अंडी उकडली, तोंड फिरवून. तेव्हापासून माझ्यात नुसतं पाणीच पडतं. पीठ झालं की त्या चिमूटभर हातावर घेऊन लेकीपुढे धरतात, चाखून बघ म्हणतात. निकिता रोज चाखते. दोघींच्याही मनाला ते लागतं, हे माझ्या लाकडालाही समजतं.

काटा आता कुठे तसूभर हलला आहे. तो आधी खाली येईल की सार्थकची शीर आधी हार खाईल, कुणी सांगू शकत नाही. तुमच्या घरात कुणी भुकेशी असं झुंजत असेल तर माझं एवढं ऐका, त्याच्या पाठीमागे त्याच्या ताटात माया घालू नका. त्याला विचारून वाढा.

आज सार्थक डायलिसिस अर्धवट टाकून दवाखान्यातून परत आला. सुई लागेना म्हणे. निकिता तरीही जिमला जाऊन आली. सगुणाबाईंनी पीठ मळलं आणि चिमूट पुढे केली.

निकिताने न चाखताच त्यांचा हात धरून माझ्यावर परत ठेवला.

"थाप तू, आई," ती म्हणाली. "लय भूक लागलीय मला."